रोबोकॉप, संकासूर आणि कापलेलं रक्त

गणपतीत चाकरमानी गावी आले की जागरणाला भाड्याने व्हिडिओ आणायचा हे आमच्या गुहागर तालुक्यात एकेकाळी ठरलेलंच होतं. कलर टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी चिपळूणवरनं टेम्पोत घालून आणायच्या, वाडीने वर्गणी काढून भाडं भरायचं आणि लाइट गेली नाही तर पहाटेपर्यंत खळ्यात बसून बघायचं. तीन हिंदी, एक इंग्लिश. इंग्लिश कायम शेवटी, म्हातारी माणसं आणि बायका झोपायला गेल्यावर. १९९१ च्या गणपतीत ती चौथी कॅसेट 'रोबोकॉप' या हॉलिवूडच्या सिनेमाची निघाली. मी आठवीत होतो, इंग्लिशचा पत्ता नाही, सबटायटल नाहीत, पण खळ्यात बसलेल्या पंचवीस-तीस माणसांना काय चाललंय ते बरोबर कळत होतं.

त्यातला मीटिंगचा सीन ज्याने बघितलाय तो विसरणार नाही. कंपनीचे साहेब लांबलचक टेबलाभोवती बसलेत, नव्या शहराचं मॉडेल मांडलंय, आणि पोलिसांच्या कामाला लावायचं ते यंत्र, ईडी-२०९ नावाचं, डेमोसाठी आत येतं. एका तरुण कर्मचाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात आणि यंत्रावर रोख म्हणतात. यंत्र म्हणतं पिस्तूल टाक, वीस सेकंद देतो. तो टाकतो. यंत्राला ते कळतच नाही, ते आकडे मोजत राहतं, आणि मग गोळ्या घालतं, घालतच राहतं, आणि तो पोरगा त्या चकचकीत मॉडेलवर जाऊन पडतो, नव्या शहराच्या इमारतींवर. सगळ्यात मोठा साहेब, पांढऱ्या केसांचा, म्हणतो मी फार निराश झालो, आणि हिशोब काढतो की या बिघाडापायी पाच कोटी डॉलर नुसते व्याजात जातील. मेलेल्या पोराबद्दल त्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही. त्याच खोलीत, रक्त वाळायच्या आधी, दुसरा एक ऑफिसर आपला प्रोजेक्ट पुढे सरकवतो, मेलेल्या पोलिसाच्या मढ्यातून रोबो बनवायचा तो (पुढे मर्फी नावाच्या पोलिसाचाच असा रोबोकॉप होतो), आणि नंतर लिफ्टमध्ये त्या पोराचा विषय निघतो तर मोठ्या शहरात हे असंच चालायचं म्हणून मोकळे होतात.

खळ्यातली माणसं आधी हसली. ते यंत्र इतकं वेड्यासारखं झाडत सुटतं की हसू फुटतंच. आणि मग एकदम गप्प. माझे एक चुलते मुंबईला गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही, ते नंतर कायमचे गावीच राहिले. ते एवढंच म्हणाले, "सायबाला बग कायच वाटला नाय." त्यांना डेट्रॉइट कुठे आहे ते माहीत नव्हतं. मोटारी बनवणारं शहर बसलं, कारखाने बंद पडले, आणि आता ते पाडून तिथे डेल्टा सिटी नावाचं नवं शहर बांधायचंय, त्यासाठी कंपनीने पोलिसखातंच चालवायला घेतलंय, ही सिनेमातली गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. पण गिरण्यांच्या जागी पुढे काय काय उभं राहिलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्यांना काय दिसलं असेल ते मला आता समजतं.

मला मांडायचाय तो मुद्दा तिथेच आहे. हिंसक सिनेमावर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे काय, जगात सगळीकडेच पहिला प्रश्न येतो रक्त किती. फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे का, हिंसा अति झालीय का, सेन्सॉरने किती मिनिटं कापली. नाहीतर मग उलट टोक, अॅक्शन भारी, मास आहे, डोकं घरी ठेवून जा. दोन्हीकडचे लोक रक्तच मोजत असतात, एकाला ते जास्त वाटतं आणि दुसऱ्याला पुरेसं. माझं म्हणणं आहे की ज्या सिनेमाला सत्तेची, पैशाची टर उडवायचीय, त्यात हा प्रश्न आपल्याला भलतीकडेच घेऊन जातो. रक्त सांडल्यावर खोलीतली बाकीची माणसं काय करतात तिकडे नजर पाहिजे. आणि ते कळायचं तर रक्त दिसायला लागतं, भरपूर दिसायला लागतं. ते पुसून टाकलं तर साहेबाचा निर्ढावलेपणा दिसणार कशावर?

१९८७ च्या जुलैमध्ये हा सिनेमा अमेरिकेत लागला. एड न्यूमायर आणि मायकल मायनर यांची पटकथा, दिग्दर्शक पॉल व्हरहोवन, डच माणूस, १९३८ चा जन्म. लहानपण हेगमध्ये गेलं, नाझींच्या ताब्यातल्या शहरात, वरनं दोस्तांचे बॉम्ब पडतायत आणि रस्त्यात मेलेली माणसं दिसतायत अशा काळात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या माणसाला रक्ताची आवड आहे असं लिहून टाकणं फार सोपं असतं आणि बऱ्याच जणांनी ते लिहिलंच. ज्याने सात वर्षांचं व्हायच्या आत रस्त्यात प्रेतं बघितलीत तो गोळी लागल्यावर माणूस शर्टावर छोटासा लाल डाग घेऊन सुबक पडतो असं दाखवेलच कसा?

तर तिकडे सिनेमांना रेटिंग देणारी संस्था आहे, तेव्हाचं तिचं नाव एमपीएए. तिने याला आधी एक्स दिलं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, आणि एक्स म्हणजे तेव्हा चांगली थिएटरं मिळायची बोंब. मग पुन्हा पुन्हा कापायचा, पुन्हा पाठवायचा, असं करत करत शेवटी त्याहून सौम्य असं आर मिळालं. कापलं काय तर मुख्यतः हाच मीटिंगचा सीन आणि मर्फीला गुंड गोळ्या घालून मारतात तो. आणि इथे खरी गंमत नाही तर खरी खंत आहे, व्हरहोवनने नंतर मुलाखतींतून सांगितलंय की मूळ सीन इतका लांबलेला होता की तो हास्यास्पद व्हायचा, अतिरेकामुळेच बघणाऱ्याला कळायचं की ही टर आहे, कापून छोटा केला तेव्हा तो जास्त क्रूर वाटायला लागला. म्हणजे बोर्डाने क्रौर्य कमी करायला कात्री लावली आणि कापलं गेलं ते विडंबन. आम्ही खळ्यात बघितली ती कॅसेट कापलेलीच असणार. न कापलेला मी पुष्कळ वर्षांनी बघितला आणि मला तो दिग्दर्शक म्हणतो तसाच वाटला, त्यात गोळ्या इतका वेळ चालतात की शेवटी डोळ्यासमोर माणूसही राहत नाही आणि यंत्रही, ती खोली आणि त्यातली सुटातली माणसं तेवढी राहतात.

अतिरेक हे विडंबनाचं हत्यार आहे हे कोकणातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. शिमग्यात आमच्याकडे खेळे येतात, त्यात संकासूर असतो, काळा वेष, डोक्याला लांब टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो वाडीत शिरला की पोरं किंचाळत पळतात आणि परत त्याच्याच मागे जातात. खाली सिंधुदुर्गात दशावतारात तो वेद चोरतो, भटजीची पार फजिती करतो, आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. दशावतारातलं युद्ध बघा, तलवारी घेऊन गोल गोल फिरतायत, पायपेटी आणि पखवाज टिपेला गेलेत, राक्षस अशी आरोळी ठोकतो की जत्रेतल्या मागच्या दुकानापर्यंत ऐकू जावी. कोणी म्हणतं का की राक्षस जरा कमी ओरडला असता तर प्रयोग अभिरुचीपूर्ण झाला असता? शिमग्यात होमाभोवती बोंबा मारायच्या, एरवी ज्याच्यापुढे मान वर करायची नाही त्याच्याही नावाने फाका द्यायच्या, हे सगळं त्या दिवसापुरतं आणि त्या जागेपुरतं असतं आणि ते सभ्य भाषेत करता येत नाही. सभ्य भाषेत केलं तर ती तक्रार अर्जासारखी होईल, आणि अर्जाचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

आता समीक्षकांशी प्रामाणिक राहायचं तर रोबोकॉपला सगळ्यांनी झोडपलं असं अजिबात नाही. रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाने चारपैकी तीन स्टार दिले होते आणि याच मीटिंगच्या सीनबद्दल नेमकं लिहिलं होतं, की इथून पुढे सिनेमा कुठे जाणार याचा अंदाज येईनासा होतो, हसू येतं आणि ते आल्यामुळेच आपण बेसावध पकडले जातो. दीड कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या या सिनेमाने एकट्या अमेरिकेत पाच कोटींच्या वर धंदा केला, ध्वनिपरिणामांच्या संपादनासाठी खास ऑस्कर मिळालं, रॉब बॉटिनने बनवलेला तो पोलादी सूट आणि फिल टिपेटने एकेक फ्रेम हलवून चालवलेलं ते यंत्र यांचं कौतुकही झालं. पण कौतुक आणि शिव्या दोन्ही बराच काळ यंत्राभोवती आणि रक्ताभोवतीच फिरत राहिले. सिनेमात मध्येमध्ये टीव्हीच्या बातम्या येतात, अवकाशातलं शांततेसाठीचं म्हणून ठेवलेलं शस्त्र बिघडतं आणि त्यात दोन माजी राष्ट्राध्यक्ष मरतात, आणि निवेदक हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या बातमीवर जातात, मध्ये अणुयुद्धाच्या खेळाची जाहिरात, सगळं कुटुंब टेबलाभोवती बसून खेळतंय. आज आपल्याकडे रात्री नऊला कुठलंही चॅनल लावा. यावर तेव्हा जेवढं लिहायला हवं होतं तेवढं नक्कीच लिहिलं गेलं नाही.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, याच जोडीने म्हणजे न्यूमायर आणि व्हरहोवनने 'स्टारशिप ट्रूपर्स' केला, रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ च्या कादंबरीवरनं. देखणी, दात पांढरे असलेली तरुण पोरं अवकाशात जाऊन किड्यांशी लढतात, सैन्यात गेल्याशिवाय पूर्ण नागरिक होता येत नाही, आणि शेवटाकडे एक हुशार मित्र येतो तो थेट नाझी अधिकाऱ्यासारखा लांब काळा कोट घालून. नाझींच्या प्रचारपटांसारख्या फ्रेम मुद्दाम घेतलेल्या. याहून उघड काय करायचं माणसाने? तरी तिकडच्या मोठमोठ्या पेपरांतून सिनेमाच फॅसिस्ट असल्याचा आरोप झाला, नाहीतर पोरकट म्हणून सोडून दिला गेला. दहा कोटी डॉलरच्या वर खर्च आणि अमेरिकेत साडेपाच कोटीच्या आसपास कमाई. आज त्याच सिनेमाचं नाव विडंबनाचा नमुना म्हणून घेतलं जातं. समीक्षकांना अक्कल कमी होती असं मी म्हणणार नाही. मला वाटतं त्यांनी सिनेमा ज्या सुरात बोलत होता त्या सुराकडे लक्षच दिलं नाही, कारण मोठा आवाज, मुंडकी तुटणं, किडे, म्हणजे हे गंभीरपणे घ्यायचं नसतं असं आधीच ठरलेलं. गंभीर सिनेमा म्हणजे संथ, कमी बोलणारा, पाऊस पडतोय आणि खिडकीत कोणीतरी बसलंय. (मला तोही आवडतो. प्रश्न तो नाही.)

रोबोकॉप मी परत बघितला तो २००० च्या दशकात, आणि तेव्हा मला त्यात डेट्रॉइट दिसलंच नाही. मध्ये आमच्या तालुक्यात एन्रॉन ही अमेरिकन कंपनी वीजप्रकल्प घेऊन येऊन गेली होती. १९९२ ला बोलणी सुरू झाली, सरकारं बदलली, १९९५ ला प्रकल्प रद्द झाला, मग पुन्हा नव्या अटींवर उभा राहिला, १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ ला बंद, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत मूळ कंपनीच दिवाळखोरीत. हे सगळ्यांच्या लक्षात आहे. लक्षात नसतं ते मधलं. जून १९९७ मध्ये वेलदूर या मच्छीमार गावात पहाटे पोलिस शिरले, घराघरातून बायकांना बाहेर काढून धरून नेलं. अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने त्याच वर्षी याबद्दल अहवाल काढला आणि ह्युमन राइट्स वॉचने १९९९ च्या जानेवारीत एक मोठा अहवाल काढला, त्यात लिहिलंय की प्रकल्पावर बंदोबस्ताला ठेवलेल्या पोलिसांचे पैसे कंपनी सरकारला भरत होती. कंपनीच्या पैशावर उभे असलेले पोलिस. सिनेमात हे पुढच्या काळातलं डेट्रॉइट होतं, भविष्यातली अतिशयोक्ती. आमच्याकडे तेच, सिनेमा अमेरिकेत लागल्यानंतर दहाव्या वर्षी, प्रकल्पाजवळच्या अंजनवेलच्या रस्त्यावर.

म्हणून मला त्या सिनेमातला डायरेक्टिव्ह चार सगळ्यात जास्त लागतो. रोबोकॉपच्या डोक्यात तीन आज्ञा घातलेल्या असतात, जनतेची सेवा, निरपराधांचं रक्षण, कायदा पाळणं. चौथी गुप्त असते. तो पुरावे घेऊन कंपनीच्या बड्या साहेबाला, डिक जोन्सला अटक करायला जातो आणि त्याचं शरीरच बंद पडायला लागतं, कारण चौथी आज्ञा आहे की कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. एवढी मोठी ताकद, एवढी नेमबाजी, आणि खरा गुन्हेगार समोर असताना हात उचलत नाही. या एका कल्पनेवर किती लिहिता आलं असतं! आणि तो सुटतो कसा ते बघा. शेवटी त्याच मीटिंगच्या खोलीत जोन्स म्हाताऱ्या साहेबाला ओलीस धरतो, आणि म्हातारा म्हणतो, डिक, तुला कामावरनं काढलं. बस. आता तो कंपनीचा माणूस राहिला नाही, आता गोळी चालते, आणि जोन्स काच फोडून खाली. खळ्यात तेव्हा जोरात शिट्ट्या वाजल्या होत्या, मीही वाजवली. पुढे कळलं की तिथे कायदा जिंकलेलाच नाही. मालकाने परवानगी दिली म्हणून न्याय झाला, आणि तोच म्हातारा, ज्याला व्याजाचं दुःख झालं होतं, तो खुर्चीवर तसाच आहे. या शेवटाला नुसता हॅपी एंडिंग म्हणणाऱ्या समीक्षेवर माझा राग आहे.

अजून एक सीन आहे त्याबद्दल कोणी फार बोलत नाही आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. रोबोकॉप आपल्या जुन्या घरी जातो. बायको-पोरगा सोडून गेलेत, घर रिकामं, विकायला काढलेलं, आणि खोल्याखोल्यांत लावलेल्या स्क्रीनवर एजंट हसत हसत घराचे गुण सांगतोय. रोबो फिरत राहतो, त्याला तुटक तुटक आठवत राहतं, आणि शेवटी तो त्या स्क्रीनवर ठोसा मारतो. आमच्या वाडीत निम्म्या घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप असतं, गेटावर एजंटाने नंबर लिहून ठेवलेला असतो. मी तो सीन सलग बघू शकत नाही. आणि हा सीन इतका का लागतो, तर आधी मर्फीचं मरण आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं, त्याचा हात तुटताना बघितलेला असतो. ते अंधारात, आवाजावर भागवलं असतं तर पोलादाच्या आत माणूस आहे हे आपल्याला नुसतं सांगितल्यासारखं झालं असतं.

२०१४ ला याचा रिमेक आला, दिग्दर्शक ब्राझीलचा जोसे पादिल्या, हुशार माणूस, सुरुवात तेहरानमध्ये गस्त घालणाऱ्या अमेरिकन रोबोंपासून, विषय चांगला. पण रेटिंग पीजी-१३, पोरंही तिकीट काढू शकतील असा. गोळ्या भरपूर, पण लागल्यासारख्या वाटत नाहीत, माणसं पडतात आणि फ्रेम पुढे जाते. मला या प्रकारच्या हिंसेची जास्त भीती वाटते. शेकडो माणसं मरतात आणि कोणालाच दुखत नाही असे सिनेमे आपण पोरांना मांडीवर घेऊन बघतो, पॉपकॉर्न खात, आणि एका माणसाचं मरण दीड मिनिट दाखवलं की म्हणतो शी, किती विकृत.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो हलका नाही. आमच्याच खळ्यात काही जण फक्त गोळ्यांसाठी बसले होते, त्यांना कंपनी वगैरे काही दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी पोरं काठ्यांच्या बंदुका करून वीस सेकंद मोजत एकमेकांना मारत होती. आज फोनवर त्या सिनेमाचे तुकडे फिरतात, फक्त गोळीबाराचे, साहेबाचा चेहरा कापलेला. विडंबन कळलं नाही तर ते ज्याची टर उडवतंय त्याचीच जाहिरात होतं, हे खरं आहे आणि स्टारशिप ट्रूपर्सच्या बाबतीत काही लोक आजही तो सरळ देशभक्तीचा सिनेमा म्हणून बघतात. पण याला उपाय कात्री नाही, कात्रीने काय होतं ते वर लिहिलंच आहे. समीक्षक असतो तो यासाठीच ना? लोकांना जे घाईत दिसत नाही तिकडे बोट दाखवायला, हा चेहरा बघा, इथे कोण गप्प बसलंय ते बघा. त्याने स्टार देऊन, हिंसा अति आहे एवढं लिहून विषय मिटवला तर मग गोळीबाराचे तुकडे तेवढे उरणार.

वयाचं मात्र मी मान्य करतो. मी तेरा वर्षांचा होतो आणि मर्फीचा तो तुटलेला हात मला कितीतरी रात्री दिसत होता, शेजारच्या पोराला दाराबाहेर एकट्याने जायची भीती बसली. आम्हाला उठवून घरी पाठवायला हवं होतं. आपल्याकडे आता यूएमध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे आलेत, वर ए आहेच, तर बोर्डाने आणि आईबापांनी ते टप्पे नीट वापरावेत, कडक वापरावेत, आणि मोठ्या माणसांसाठी जे आहे ते मोठ्यांना अख्खं बघू द्यावं.

यंदा माघी गणपतीला आमच्या पडवीत मी तो लावणार आहे, न कापलेला. भावाशी यावरनं वाजलंय, तो म्हणतो सणाला असलं काय दाखवतोस. शेवटी ठरलंय ते असं, आरती आणि भजन आटपल्यावर, रात्री साडेदहानंतर, अठराच्या खालच्यांना आतल्या खोलीत झोपवून. मीटिंगच्या सीनला मी थांबवणार आहे, गोळ्या संपल्या की लगेच, म्हाताऱ्या साहेबाच्या तोंडावर.